दोन डॉकर आणि एक पेटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या ईदला माझा भाचा पुण्याहून घरी आला होता. शिरखुर्मा झाला, गप्पा झाल्या. मी सहज विचारलं, "सध्या काय काम चाललंय?" तो म्हणाला, "मामू, आमचं सगळं आता डॉकरवर चालतं."

मी चमकलो. माझे अब्बा, म्हणजे त्याचे नाना, मुंबईच्या गोदीत कामाला होते. इंग्लंडात गोदी कामगाराला डॉकर म्हणतात. विलायती बोटींवरचे खलाशी आपल्याला याच नावाने हाक मारत, असं अब्बा सांगायचे. मी म्हटलं, "अरे, गोदीशी आपला संबंध सुटून तीस वर्षं झाली. तू कुठल्या धक्क्यावर जातोस?"

तो हसला आणि त्याने आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक निळा देवमासा होता आणि त्याच्या पाठीवर चौकोनी पेट्या रचलेल्या होत्या. "मामू, हा डॉकर. सॉफ्टवेअर पेटीत भरून पाठवायचं साधन. या पेटीला आम्ही कंटेनर म्हणतो."

मी काही तंत्रज्ञ नाही. कविता लिहिणारा माणूस. पण शब्द एका धंद्यातून उठून दुसऱ्या धंद्यात जाऊन बसतो, तेव्हा त्याच्यामागे काहीतरी घडलेलं असतं, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून या देवमाशाचा माग काढला. तो माग मला संगणकाच्या खोलीतून थेट धक्क्यावर घेऊन गेला. तीच हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

आधी जुनी गोदी डोळ्यांसमोर आणू या. पेटी येण्यापूर्वी माल सुटा यायचा. कापसाच्या गासड्या, धान्याची पोती, तेलाची पिंपं, यंत्रांची खोकी, चहाच्या पेट्या. प्रत्येक नगाचा आकार वेगळा, वजन वेगळं, धरायची तऱ्हा वेगळी. टोळ्या जहाजाच्या पोटात उतरायच्या, हातातल्या आकड्याने पोतं ओढायचं, जाळ्यात भरायचं, क्रेनने वर घ्यायचं, धक्क्यावर उतरवायचं, पाठीवरून वखारीत न्यायचं. कित्येकदा जहाज जितके दिवस समुद्रात असे, जवळजवळ तितकेच दिवस धक्क्याला बांधलेलं असे.

आणि जहाजाच्या पोटात कोण कोणाच्या शेजारी ठेवलं आहे, हा प्रश्न तर जिवावरचा होता. मुंबईने त्याची किंमत मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभं होतं. त्याच्या पोटात कापसाच्या हजारो गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं व दारूगोळाही होता. कापसाला आग लागली, ती दारूगोळ्यापर्यंत गेली आणि दोन स्फोटांनी गोदीचा तो भाग उद्ध्वस्त झाला. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. एकाच्या पोटातली आग शेजाऱ्याला लागू नये, ही गोष्ट लक्षात ठेवा. संगणकाच्या कथेत ती पुन्हा येणार आहे.

आता पेटीकडे वळू. ती धंद्यात रुळवली माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन माणसाने. तो जहाजवाला नव्हता, उत्तर कॅरोलायनातला ट्रकमालक होता. त्याचा विचार साधा होता. ट्रकवरचा माल उतरवून जहाजात भरण्याऐवजी, ट्रकची अख्खी पेटीच चाकांवरून उचलून जहाजावर का ठेवू नये? २६ एप्रिल १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' हे जहाज ह्यूस्टनकडे निघालं. मूळचं ते महायुद्धाच्या काळातलं तेलवाहू जहाज. त्याच्या डेकवर ५८ पेट्या होत्या. त्या काळी सुटा माल जहाजावर चढवायला टनाला पावणेसहा डॉलरांच्या वर खर्च यायचा. मॅक्लीनच्या माणसांनी हिशेब केला तो सोळा सेंटांच्या आत.

पण नुसत्या पेटीने जग बदललं नाही. लोखंडी आणि लाकडी पेट्यांतून माल नेण्याचे प्रयोग त्याच्या आधीही झाले होते. अडचण पुढेच होती. मॅक्लीनची पेटी ३५ फुटांची झाली, तर प्रशांत महासागरात चालणाऱ्या मॅटसन कंपनीची २४ फुटांची. एकाची पेटी दुसऱ्याच्या जहाजावर बसेना, एकाची क्रेन दुसऱ्याची पेटी उचलेना. मग कित्येक वर्षं समित्या बसल्या, भांडणं झाली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने मापं ठरवली. लांबी १०, २०, ३० आणि ४० फूट, रुंदी ८ फूट. गंमत बघा, या यादीत ना मॅक्लीनचे ३५ फूट होते, ना मॅटसनचे २४.

पेटी उचलायची कशी आणि एकमेकींवर बसवायची कशी, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा होता. पेटीच्या कोपऱ्यांतली पोलादी खोबण आणि तिच्यात फिरून घट्ट बसणारं कुलूप मॅक्लीनच्या कंपनीत कीथ टँटलिंगर या अभियंत्याने तयार केलं होतं. त्याचं पेटंट कंपनीकडे होतं. मानक ठरत असताना मॅक्लीनने तो हक्क मोबदला न घेता मोकळा केला. धंदेवाईक माणूस होता, धर्मादाय करायला बसला नव्हता. पण त्याला कळलं होतं की आपली पेटी आपल्यापुरती राहिली, तर ती आपल्या दोन-चार बंदरांपुरतीच राहील. ती सगळ्यांची झाली, तरच ती जगभर फिरेल. आजच्या भाषणातलं मुख्य सूत्र हेच आहे.

पेटी जगभर फिरली. आणि गोदी ओस पडली. न्यूयॉर्कचे मॅनहॅटन-ब्रुकलिनचे धक्के रिकामे झाले, माल समोरच्या न्यू जर्सीत गेला. लंडनच्या जुन्या गोद्या १९६७ ते १९८१ च्या दरम्यान एकेक करून बंद पडल्या. आपल्याकडे २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि पेट्यांचा मोठा धंदा खाडीपलीकडे गेला. जिथे टोळ्याच्या टोळ्या लागत, तिथे क्रेन चालवणारा एक माणूस आणि खाली दोन-चार माणसं पुरेशी झाली. अब्बा म्हणायचे, "पेटी बंद असते. आत काय आहे ते आम्हाला कळत नाही, आणि पेटीला आम्ही कळत नाही."

आता संगणकाकडे. माझ्या भाच्याच्या धंद्यातली जुनी अडचण ऐकली आणि मला सुटा मालच आठवला. एखादा प्रोग्राम लिहिला की तो एकटा चालत नाही. त्याला विशिष्ट आवृत्तीची भाषा लागते, इतरांनी लिहिलेल्या कोडच्या लायब्ऱ्या लागतात, ठरावीक जागी ठरावीक फायली लागतात. लिहिणाऱ्याच्या मशिनवर हे सगळं असतं. तो प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवर नेला की तिथे एखादी लायब्ररी जुनी निघते, एखादी नसतेच, आणि प्रोग्राम बंद पडतो. लिहिणारा म्हणतो, "माझ्या मशिनवर तर चालतंय!" सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, "मग तुझं मशीनच इथे आणून ठेव!" रात्री-अपरात्री अशी भांडणं सॉफ्टवेअरच्या प्रत्येक कचेरीत झालेली आहेत. आणि एकाच सर्व्हरवर दहा प्रोग्राम ठेवले, तर एकाची आग दुसऱ्याला लागायची भीती. एकाने सगळी मेमरी खाल्ली की बाकीचे नऊ उपाशी.

यावर एक उपाय होता. प्रत्येक प्रोग्रामला आख्खा आभासी संगणक द्यायचा. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९७० च्या दशकातच हे होत होतं आणि २००० नंतर साध्या सर्व्हरवरही रुळलं. पण हे म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र बंगला देण्यासारखं. पाया वेगळा, जिना वेगळा, टाकी वेगळी. सोय उत्तम, खर्च फार.

दुसरा उपाय चाळीचा. इमारत एक, जिना एक, पाण्याची टाकी एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि दाराला कुलूप. संगणकाच्या प्रणालीचा जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, तो सगळ्यांना सामायिक. पण प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की या घरात आपण एकटेच आहोत. कंटेनर म्हणजे ही चाळीतली खोली.

ही खोली एका दिवसात बांधली गेली नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, 'सीएचरूट' नावाची एक छोटी सोय आली. प्रोग्रामला सांगायचं, ही एवढी फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग, याच्या बाहेर काही नाही. ही पहिली भिंत. पण ती पातळ होती. पुढे मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीत ती भिंत जाड झाली. तिचं नाव ठेवलं 'जेल', तुरुंग. पॉल-हेनिंग कॅम्प या डॅनिश प्रोग्रामरचं हे काम. एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांना जागा द्यायची आणि एकाचा हात दुसऱ्याच्या सामानाला लागू द्यायचा नाही, यासाठी ते केलेलं होतं. २००५ साली सन कंपनीच्या सोलारिस १० मध्ये 'झोन' आले.

लिनक्समध्ये भिंती हळूहळू उभ्या राहिल्या. २००२ पासून एकेक भिंत आली. कोणी कोणत्या फायली पाहायच्या, कोणाला कोणते चालू प्रोग्राम दिसायचे, कोणाला जाळ्यावरचा कोणता पत्ता. पण भिंती असल्या तरी पाण्याची वाटणी राहिली होती. ते काम गूगलमधले पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ साली हाती घेतलं. कोणाला किती मेमरी, किती प्रोसेसर, हे मोजून द्यायची सोय. तिचं पहिलं नाव होतं 'प्रोसेस कंटेनर्स'. कंटेनर या शब्दाचे तोवर फार अर्थ झाले होते म्हणून ते बदलून 'कंट्रोल ग्रुप्स' केलं, आणि जानेवारी २००८ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालं. त्याच वर्षी या भिंती आणि ही वाटणी एकत्र आणणारं 'एलएक्ससी' हे साधनही आलं.

म्हणजे खोली तयार होती. पण ती बांधणं तज्ज्ञ गवंड्याचं काम होतं. आणि एका चाळीतली खोली उचलून दुसऱ्या चाळीत नेता येत नव्हती. तंत्र होतं, पेटी नव्हती.

पेटी आली १५ मार्च २०१३ रोजी. कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथे पायथन भाषेच्या प्रोग्रामरांचा मेळावा भरला होता. तिथे ज्याला बोलायचं त्याला पाच मिनिटं मिळत. सॉलोमन हाइक्स नावाचा तरुण उभा राहिला. त्याची डॉटक्लाउड नावाची छोटी कंपनी होती. दुसऱ्यांचे प्रोग्राम आपल्या सर्व्हरवर चालवून द्यायचा धंदा. त्यासाठी घरात वापरायला केलेलं साधन त्याने सगळ्यांपुढे मांडलं आणि त्याच महिन्यात त्याचं कोड सर्वांसाठी खुलं करून टाकलं. नाव डॉकर. चित्र, पाठीवर पेट्या घेतलेला देवमासा. वर्ष संपण्यापूर्वी कंपनीनेही डॉकर हेच नाव घेतलं.

हाइक्सने भिंती नव्याने बांधल्या नाहीत. त्या लिनक्समध्ये होत्याच. त्याने पेटी भरण्याची आणि पाठवण्याची एक पद्धत दिली. एका साध्या फायलीत पाककृतीसारखी कृती लिहायची. आधी ही मूळ प्रणाली घ्या, मग ह्या लायब्ऱ्या घाला, मग माझा प्रोग्राम ठेवा, शेवटी अमुक आज्ञेने तो सुरू करा. त्या कृतीवरून एक बंद पेटी तयार होते. तिला 'इमेज' म्हणतात. ती थराथरांची असते. दहा पेट्यांचा खालचा थर एकच असेल, तर तो एकदाच ठेवला की झालं. पेटी भाच्याच्या लॅपटॉपवर जशी चालते, तशीच दूरच्या सर्व्हरवर चालते, कारण सगळं सामान तिच्या आत आहे. आणि चालू पेटीत हात घालायचा नाही, असा दंडक आहे. बदल हवा असेल तर कृती बदलायची, नवी पेटी बांधायची, जुनी टाकून द्यायची. जे जपून ठेवायचं, गिऱ्हाइकांची नावं, हिशेब, ते पेटीबाहेर ठेवायचं.

पेट्या वाढल्या तसा मुकादम लागला. कोणती पेटी कुठल्या यंत्रावर ठेवायची, एक बंद पडली तर दुसरी कोणी सुरू करायची? गूगल आपली कामं आधीपासून कंटेनरांतच चालवत होती. २०१४ साली तिथल्या अभियंत्याने जाहीरपणे सांगितलं की आम्ही आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त कंटेनर सुरू करतो. त्या अनुभवावर त्यांनी जून २०१४ मध्ये 'कुबरनेटिस' हे साधन खुलं केलं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याला एवढंच लिहून द्यायचं की माझ्या या पेटीच्या पाच प्रती चालू पाहिजेत. दोन मेल्या तर तो दोन नव्या उभ्या करतो. गोदीतला मुकादम सकाळी टोळ्या लावायचा, तसंच.

इथे पुन्हा तोच प्रश्न आला. पेटी कोणाची? दुसऱ्या कंपन्या आपापल्या मापाच्या पेट्या काढू लागल्या होत्या. ३५ फूट आणि २४ फूट पुन्हा सुरू होण्याची चिन्हं होती. जून २०१५ मध्ये डॉकर कंपनीने आपल्या पेटीचा नमुना आणि ती चालवणारा मूळ भाग एका सामायिक संस्थेच्या स्वाधीन केला. प्रतिस्पर्धीही त्या संस्थेत आले. पुढच्याच महिन्यात गूगलने कुबरनेटिसही अशाच एका संस्थेकडे सोपवलं. समित्यांना सागरी पेटीसाठी वर्षानुवर्षं घालवावी लागली, इथे दोन-अडीच वर्षांत काम झालं.

पेटी सगळ्यांची झाली, पण देणाऱ्याचं काय? डॉकर कंपनीला तिच्यातून मोठा धंदा उभा करता आला नाही. मुकादमाच्या स्पर्धेत तिचं स्वतःचं साधन मागे पडलं, हाइक्सने २०१८ मध्ये कंपनी सोडली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या गिऱ्हाइकांचा धंदा मिरँटिस या दुसऱ्या कंपनीला विकला गेला. उरलेली छोटी कंपनी प्रोग्रामरांच्या साधनांवर पुन्हा उभी राहिली. मे २०२२ मध्ये तर कुबरनेटिसच्या नव्या आवृत्तीतून डॉकरसाठी ठेवलेला खास जोडही काढून टाकला. पण त्या दिवशी जुन्या पेट्या चालायच्या थांबल्या नाहीत. जगभरच्या डॉकरने बांधलेल्या इमेज तशाच चालत राहिल्या, कारण त्यांचं माप आता डॉकरचं राहिलं नव्हतं, सर्वांचं झालं होतं. मॅक्लीनचे ३५ फूट गेले, पण पेटी राहिली, तसंच हे.

बंद पेटीचे धोकेही तेच आहेत. चाळीची भिंत बंगल्याइतकी जाड नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये या पेट्या चालवणाऱ्या मूळ भागातच एक भोक सापडलं. आतला दुष्ट प्रोग्राम त्यातून बाहेर येऊन सगळ्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. घाईघाईने ते बुजवावं लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका साध्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत मोठा दोष निघाला, तेव्हा कंपन्यांना प्रश्न पडला, आपल्या हजारो पेट्यांपैकी ती नेमकी कोणकोणत्या पेटीत आहे? पेटी उचलणं सोपं झालं म्हणजे आतलं पाहायची जबाबदारी संपत नाही. त्यानंतर प्रत्येक पेटीबरोबर आतल्या सामानाची यादी ठेवण्याचा आग्रह वाढला. जहाजावर अशी यादी शतकानुशतकं चालत आली आहे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पेटीने वाचवलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न गोदीत मोठ्या आवाजात विचारला गेला होता. १९६० साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने मालकांशी करार केला. यंत्रं आणा, आम्ही अडवणार नाही. पण वाचलेल्या पैशातून कामगाराला निवृत्तीची आणि किमान उत्पन्नाची हमी द्या. पेटी अडवायची नाही, पण तिच्यात आपला वाटा मागायचा, असा तो मार्ग होता. सगळ्या बंदरांत तो सापडला नाही. अब्बा स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन घरी बसले आणि वर्षभर पहाटे चारला उठत राहिले, पाळीची वेळ म्हणून. सॉफ्टवेअरमध्येही हाताने सर्व्हर लावणाऱ्यांचं काम या पेटीने बदलून टाकलं. ज्यांना नवं शिकायला वेळ आणि संधी मिळाली ते पुढे गेले. सगळ्यांना ती मिळतेच असं नाही. नव्या डॉकरांनी जुन्या डॉकरांचा हा धडा जवळ ठेवलेला बरा.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, आमच्याकडे प्रत्येक पेटी कधी सुरू झाली, कधी बंद पडली, का पडली, सगळ्याची नोंद राहते. नाना दिवसाला किती पोती उचलायचे?"

मला सांगता आलं नाही. तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही.